खालचा झिरा

लिंबाजीनं आयुष्यात दारूला दोनदाच हात लावला, आणि दोन्ही वेळेला मडकं फोडायला.

पहिलं मडकं सख्ख्या थोरल्या भावाचं, ग्यानोबाचं. ते फोडलं म्हणून ग्यानोबानं त्याला पायतणानं बडवला आणि दिवस मावळायच्या आत दुसरं मडकं आणून त्याच जागी ठेवलं. वर्षभरात ग्यानोबाचं पोट घागरीसारखं फुगलं, डोळे हळद माखल्यासारखे झाले आणि एका सकाळी रक्ताची गुळणी टाकून तो गेला. त्याला माती देऊन परत येताना लिंबाजी घराकडं वळलाच नाही. पळसवंडीच्या बौद्धवाड्यामागं नाल्यात भट्टी होती. चालवणारा वाड्यातलाच, पण जागा आणि गूळ गावातल्या व्यंकटरावांचा. व्यंकटराव म्हणजे मळा, मोटारपंप आणि दोनशे मेंढरांचे धनी. लिंबाजीनं पहार उचलली आणि ओळीनं सात मडकी फोडली. नाला दोन दिवस आंबूस वास मारत होता.

व्यंकटराव चालत वाड्याच्या तोंडापर्यंत आले. आत नाही आले, तोंडाशीच थांबले.

"लिंब्या, मडकी फोडून तुझा भाऊ उठून बसल का रं?"

"न्हाई बसायचा," लिंबाजी म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाचा भाऊ झोपायचा न्हाई."

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. तेव्हापासून वाड्यात भट्टी लागली नाही. रोज संध्याकाळी विहारात पंचशील व्हायचं, तेव्हा लिंबाजीचा आवाज पाचव्या शीलाला, दारू वर्ज्य करायच्या शीलाला, एकदम चढायचा. त्याची बायको नागुबाई हसायची. "चार शीलं तोंडातल्या तोंडात म्हंता अन पाचवं मातुर जळकोटला आयकू जाईल आसं. बाकीच्या चारांचा काय गुन्हा हाय वो?"

लिंबाजी विहिरी खोदायचा. पहार, सुरुंग, घमेलं आणि माती वर ओढायची यारी, ह्यात त्याची हयात गेली. दुष्काळात विहीर खोदणाऱ्याला मोठा मान असतो. पाणी लागेपर्यंत. पाणी लागलं की त्याला बाजूला सारतात आणि नारळ फोडायला दुसरं कुणीतरी येतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात रेणापूरच्या शिवारात असंच एक काम होतं. टोळीचा मुकादम बसलिंगप्पा, उदगीरकडचा. चाळीस हातांवर खडक लागलेला. दुपारी लिंबाजी दोराला धरून वर आला, काठावर बसला, आणि त्याच्या तोंडातून आधी काळं, कॉफीच्या गाळासारखं काहीतरी आलं. मग लालभडक. तांब्याभर असेल.

"अय्यो शिवा!" बसलिंगप्पा मागं सरकला. मग वाकून म्हणाला, "लिंबाजी, घेऊन आलता का काय सकाळी?"

माणूस रक्त ओकतोय आणि विचारायचं काय, तर घेऊन आलता का.

टोळीनं त्याला लातूरला नेलं. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं होत आली होती. पाट्या नव्या, कचेऱ्यांना रंग नवा, साहेबांच्या जीपा नव्या. नागुबाईचा धाकटा भाऊ शेषेराव नव्या जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागला होता आणि चांगल्या गल्लीत खोली घेऊन राहत होता. खोली मिळवताना घरमालकानं "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर त्यानं "आम्ही उदगीरकडचे" एवढंच सांगितलं होतं. तोच धावत आला आणि त्यानंच दाजींना एका दवाखान्यात घातलं.

तिथल्या डॉक्टरनं लिंबाजीचं पोट दाबलं. डाव्या बरगडीखाली दगडासारखं टणक लागलं, उजवीकडंही गोळा लागला. डॉक्टरनं मान वर केली नाही.

"लिव्हर गेलंय. दारू सोड, नाहीतर मरशील."

"मी पीत न्हाई."

"सगळे हेच म्हणतात," असं म्हणत डॉक्टर लिहीत राहिला. लिहून झाल्यावर एका शब्दाखाली त्यानं रेघ ओढली आणि पुढच्या खाटेकडं गेला. सोळा वर्षं पाचवं शील घसा फोडून म्हणणाऱ्या माणसाचा निकाल पाऊण मिनिटात लागला.

"काय लिवलं?" लिंबाजीनं मेव्हण्याला विचारलं.

शेषेरावानं कागद डोळ्यांजवळ धरला. "लिव्हरचा आजार हाय म्हून लिवलंय, दाजी."

"त्येच्याखाली रेघ वढलेला शबुद हाय. त्यो काय?"

"ते डॉक्टरी भाषेत आसतंय…"

"शेषेराव, मला इंग्रजी वाचता येत न्हाई. तुझं तोंड येतं."

शेषेरावानं आजूबाजूच्या खाटांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जुना दारूडा, आसं हाय."

लिंबाजी हाताला लावलेल्या सलाइनसकट उठला. बाटली खांबावरून खाली येऊन फुटली. त्यानं बाहेरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला गाठलं आणि सांगितलं, ह्ये खोडा. तो माणूस म्हणाला, "बाबा, दवाखान्याचा कागद आहे, त्यात खाडाखोड होत नसते." लिंबाजी म्हणाला, "खोटं लिवायला चालतंय, खोडायला चालत न्हाई, आसा कसा कागद तुमचा?" लोक बघायला लागले. शेषेराव दाजींचा दंड धरून कानाशी म्हणत होता, "लिवू द्या हो. कागद काय गावात कुणी वाचणार हाय का?"

कागद गावात कुणी वाचला नाही. वाचायची गरजही पडली नाही. एसटीतून उतरल्यावर चहाच्या टपरीवर पोचायच्या आधीच गोष्ट तिथं पोचली होती. ग्यानोबासारखंच पोट, ग्यानोबासारखंच रक्त. मग कारण दुसरं कोणतं असणार? पारावर हशा पिकला.

"मडकी फोडली तवा आतली कुठं गेली आसंल रं?"

"नाल्यानं थोडीच प्याली?"

गाव हसलं त्याचं लिंबाजीला काही वाटलं नाही. गाव कधी हसलं नव्हतं? पण वाड्यातली पारूबाई, जिच्या नवऱ्याला त्यानं गचांडी धरून भट्टीवरून ओढून आणलं होतं आणि त्यापायी जिचा संसार उभा राहिला होता, ती नागुबाईला नळावर म्हणाली, "नागूमाय, आमच्या घरचं मडकं फुटलं तवा आमी ब्र काढला का? आता तुमचे मालक झाकून घेत व्हते म्हंत्यात. मी म्हणून न्हाई राहिले, लोक म्हणून राहिलेत."

विहारात पाचवं शील आलं की मागं बसलेल्या पोरांतून खोकला उठायला लागला. लिंबाजीनं आवाज आणखी चढवला. तसा खोकलाही चढला.

आणि एका दुपारी तो बाजेवर डोळे मिटून पडला होता, तेव्हा नागुबाई वाकली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याला झोप लागलेली नव्हती. त्यानं डोळे उघडले. दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

"येकदाच हुंगलं," ती म्हणाली. "माज्या जिवाची खातरी म्हून."

त्यानं लातूरचा कागद घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून तो कागद त्याच्या अंगावरून उतरला नाही. दिवसातून चार वेळा काढायचा आणि त्या रेघेवरच्या शब्दाकडं बघायचा. वाचता येत नव्हता, पण त्या शब्दाचा आकार त्याला पाठ झाला. सुरुवातीचं वाकडं अक्षर, मधले दोन उभे दांडे, शेवटचं शेपूट.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त आलं. ह्या वेळेला घमेलंभर. शेषेरावानं लातूरचं नाव काढलं, तर अर्धवट शुद्धीतला लिंबाजी म्हणाला, "तिथं नेलास तर वाटेतच मरंन, मुद्दाम." मग मुखेडमार्गे एसटीनं नांदेड. तिथं एक धर्मादाय दवाखाना होता. दारात पोचेपर्यंत लिंबाजीची शुद्ध गेलेली. डॉक्टरीणबाईंनी शेषेरावाजवळचे लातूरचे बाकीचे कागद घेतले, रक्त चढवलं, नळी घातली, जीव राखला.

ह्या डॉक्टर सिंधु. नुकत्याच लागलेल्या, झोप न मिळालेल्या. तिसऱ्या दिवशी त्या खाटेशी आल्या आणि त्यांनी लिंबाजीच्या पापण्या खाली ओढून डोळे बघितले. हात पुढं करायला लावले. तळवे उलटसुलट केले. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही पिता का?"

लिंबाजी त्यांच्याकडं बघतच राहिला. मग एकदम उसळला.

"बाई, इचारलंत? तीन महिन्यांत पयल्यांदा कुणीतरी इचारलं! लातूरच्यानं सांगितलं, बसलिंगप्पानं इचारायच्या नावानं सांगितलं, गावानं सांगितलं, माज्या बायकोनं हुंगून बघितलं. इचारलं कुणीच न्हाई. न्हाई पीत मी! न्हाई पिलो! माजा भाऊ दारूनं मेला, मी त्येची मडकी फोडली, अन आता मला त्येच्याच रांगेत बसिवलं!"

"ओरडू नका, पुन्हा रक्त येईल."

"यिऊ द्या!"

"पीत नाही, असंच मलाही वाटतंय," डॉक्टर सिंधु शांतपणे म्हणाल्या. "डोळे पिवळे नाहीत. हात थरथरत नाहीत. दारूनं इतकं रक्त ओकायला लागलेल्या माणसाची तब्येत अशी नसते. हे काहीतरी वेगळं आहे."

त्यांनी त्याच्या हातावर कातडीच्या आत बारीक सुई टोचली. पाव तासात तिथं रुपयाएवढी लाल गांध उठली. ती बघून त्यांचा संशय पक्का झाला आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर गुरुपादप्पा, बीदरकडचे, शस्त्रक्रिया करणारे, मोजकं बोलणारे. नांदेडातच एका खाजगी डॉक्टराकडं आवाजाच्या लाटांनी पोटाचा फोटो काढायची मशीन नवीनच आली होती. तिथं नेऊन फोटो काढला. त्यात यकृताच्या तोंडाशी नारळाएवढी गोल गाठ दिसली. आत नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात बारीक बारीक गाठींची पिल्लं.

"पोटातली मोठी शीर इथून यकृतात शिरते," डॉक्टर सिंधु बोटानं दाखवत म्हणाल्या. "ही गाठ नेमकी तिच्यावर बसलीय. शीर दाबली गेली, त्यामुळं रक्त…"

"मागं तुंबलं," लिंबाजी म्हणाला. हे त्याच्या धंद्यातलं होतं. "पाटात दगड बसला की पाणी मागं फुगतं. मंग आडवाटंनं जायला लागतं. अन बांध जिथं कच्चा, तिथं फुटतं."

"अगदी तसंच. तुमचा बांध अन्ननलिकेत फुटला. डावीकडं जो दगड लागतो, ती पाणथरी, म्हणजे प्लीहा. तुंबलेल्या रक्तानं फुगलीय. यकृत चांगलं आहे तुमचं. अशा गाठी खूप दिसतात बाबा, पण शिरेवर अशी बसून रक्त ओकायला लावणारी फार क्वचित. मी तर पहिल्यांदाच बघतेय."

"क्वचित हाय तर माजाच नंबर कामून लागला?"

त्यांनी वेगळाच प्रश्न काढला. "दहा-बारा वर्षांपूर्वी तुमच्या घरी कुत्रं होतं का?"

आणि त्यांनी समजावून सांगितलं. मेंढराच्या काळजात, म्हणजे यकृतात, असे पाण्याचे फोड असतात. ते काळीज कुत्र्यानं खाल्लं की कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून, अंगावरून, तोंडावरून त्या जंतांची अंडी पाण्यात जातात, हाताला लागतात, माणसाच्या पोटात जातात. मग वर्षानुवर्षं गाठ वाढते. दुखत नाही, खुपत नाही. बारा वर्षांनी एक दिवस कळतं.

नागुबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. "जमादार," ती म्हणाली.



बहात्तर साली तिरू नदी तळापर्यंत आटली होती. व्यंकटरावांनी लिंबाजीला बोलावून घेतलं, कारण वाळूखाली पाणी कुठं आहे ते त्यालाच कळायचं. त्यानं नदीच्या पात्रात वाळू उपसून आठ हात झिरा खोदला. स्वच्छ, गार, आरशासारखं पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी नागुबाई घागर घेऊन गेली, तर झिऱ्याभोवती बाभळीच्या काट्या लागलेल्या आणि राखण बसलेली. घागर रिकामी परत आली. लिंबाजी तसाच व्यंकटरावांच्या ओसरीपुढं गेला.

"खोदायला माजे हात चालले. भरायला माजी घागर चालंना व्हय?"

"वरडू नको, लिंब्या. नदी काय ल्हान हाय? तुमचं खाली खोदून घे की."

खाली खोदला. पात्राच्या उताराला. तोवर व्यंकटरावांची मेंढरं पटापट मरायला लागली होती. पूर्वी मेलेलं जनावर ओढून लांब टाकायचं काम वाड्याच्या माथी होतं. छप्पन साली वाड्यानं बाबासाहेबांचा रस्ता धरला आणि दोर टाकून दिला तो कायमचा. सोळा वर्षं गावाला ते सललेलं होतं. दुष्काळात व्यंकटरावांचे मेंढके मरणाला टेकलेलं मेंढरू कापायचे, खाण्याजोगं ठेवून घ्यायचे, आणि आतडी, पाण्याच्या फोडांनी भरलेली काळजं खालच्या झिऱ्याच्या काठावर आणून टाकायचे. नदी लहान नव्हती, पण टाकायला हीच जागा सापडायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वढायचं बंद केलंय न्हवं तुमी? मंग बसा आता वास घेत."

गावची कुत्री तिथं जमायला लागली. म्हणून लिंबाजीनं एक काळं पिल्लू पाळलं आणि त्याला झिऱ्याच्या राखणीवर लावलं. नाव ठेवलं जमादार. एकदा ठाण्याचा खरा जमादार तपासाला वाड्यात आला, आणि त्याच वेळी नागुबाईनं परड्यातून हाक मारली, "जमादार, मुडद्या, चल भाकर खा!" त्या माणसानं आठवडाभर वाड्याला त्रास दिला. वाडा मात्र महिनाभर हसत होता.

मग एक दिवस खालच्या झिऱ्याच्या पाण्याला उग्र वास आला. कुणी म्हणालं, एंड्रिन टाकलंय. पिकावर फवारायचं औषध. खरं होतं का खोटं, ते शाबीत झालं नाही. पण भीती बसली. तेव्हा वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी एक रीत ठरवली. रोज सकाळी पहिलं पाणी जमादार पिणार. तो प्याला की बायका घागरी घेऊन उभ्या राहून शंभरपर्यंत मोजायच्या. शंभर आकडे झाले आणि जमादार शेपूट हलवत उभा असला की पाणी चांगलं. मग घागरी बुडायच्या.

व्यंकटरावांच्या टाकलेल्या काळजांवर पोसलेला जमादार काठावरच्या चिखलात पाय रोवून, झिऱ्यात तोंड घालून लपालपा प्यायचा. मागून अख्खा वाडा तेच पाणी भरायचा. लिंबाजी दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी त्याला स्वतःच्या तळहातावर चारायचा आणि तोच हात कोपरीला पुसून उरलेली आपण खायचा. जमादारावर सगळ्या वाड्याचा जीव होता. चौऱ्याहत्तर साली तो ट्रकखाली सापडला, तेव्हा लिंबाजी भावासाठी रडला नव्हता तेवढा रडला.

"त्यानं राखलं," आता खाटेवर लिंबाजी म्हणाला. "बाई, त्यानं आमाला राखलं." आणि मग, दात खाऊन, "त्येला काय म्हाईत? त्येच्यापुढं जे टाकलं ते त्यानं खाल्लं. टाकणाऱ्याला इचारा."

ऑपरेशनचा दिवस ठरला. गुरुपादप्पांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ मोठ्या शिरेला चिकटलीय, सोडवताना शीर फाटली तर टेबलावरच सगळं संपेल. गाठीतलं पाणी पोटात सांडलं तरी धोका. पण नाही केलं तर पुढचं रक्त शेवटचं.

"करा," लिंबाजी म्हणाला.

ठरल्या सकाळी शेषेराव संमतीचा कागद घेऊन आला. दवाखान्याचे बाकीचे कागद त्याच पुठ्ठ्याला लावलेले. लिंबाजीनं सही करायला पुठ्ठा हातात घेतला आणि त्याची नजर पहिल्या कागदावर गेली. तो थांबला. सुरुवातीचं वाकडं अक्षर. मधले दोन उभे दांडे. शेवटचं शेपूट. त्यानं कोपरीच्या खिशातून लातूरचा कागद काढला, उलगडला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"शेषेराव. ह्यो शबुद इथं कसा आला?"

शेषेरावानं पुठ्ठा परत घ्यायला हात पुढं केला.

"तुला म्हाईत व्हतं."

"दाजी, पहिल्याच दिवशी लिवलाय त्यो. म्या बघितला व्हता. पण आता त्यांना कळलंय ना खरं? मंग त्या शब्दाला काय चाटायचं हाय? सही करा. टेबल तयार हाय."

"तू लातुरात तू कोण ते झाकून खोली घेतली," लिंबाजी म्हणाला. "मी काय बोललो का? न्हाई बोललो. पर माजं खोटं नाव तू तुज्या डोळ्यानं वाचलं अन झाकलं!" त्यानं पुठ्ठा खाटेवर आपटला. "न्हाई करत सही. बोलवा त्यांना!"

ऑपरेशन पुढं उशिरानं झालं, चार तास चाललं आणि लिंबाजी त्यातून जगला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या सकाळी जे अडून बसलं होतं ते जगण्यामरण्याचं नव्हतंच.

गुरुपादप्पा हिरवा झगा घालूनच आले. "काय रे, काय लावलंस? आत्ता रक्त आलं तर टेबलापर्यंतसुद्धा पोचणार नाहीस. शब्दाचं काय घेऊन बसलास?"

"सायेब, टेबलावर मेलो तर मी ऱ्हाणार न्हाई. ह्यो कागुद ऱ्हाईल. गाव म्हणंल, बघा, नांदेडच्या डाक्टरांनीबी तेच लिवलं. पोरं खोकत्यात तेवढं बास झालं."

"कुणी लिहिलं हे?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"मी," डॉक्टर सिंधु म्हणाल्या. त्या मागं दारात उभ्या होत्या. "भरती झाले त्या दिवशी. लातूरच्या कागदांवरून उतरवून घेतलं."

"इचारायच्या आधी?" लिंबाजीनं विचारलं.

"आधी."

लिंबाजीला ही बाई आवडत होती. त्यामुळंच की काय, त्याचा राग आणखी पेटला. "म्हंजे तुमीबी. ज्या येका माणसानं इचारलं म्हून मी तुमाला देव्हाऱ्यात बसवाया निघालो व्हतो, त्या तुमीबी आधी लिवलं, मंग इचारलं!"

"चुकलं माझं," डॉक्टर सिंधु म्हणाल्या आणि खिशातलं पेन काढून पुढं झाल्या. "खोडते."

"खोडू नका!" लिंबाजीनं कागदावर पंजा ठेवला. "खोडलेलं वाचता येतं. नवा कागुद घ्या. अन मराठीत लिवा. अन आधी इचारा, मंग लिवा."

गुरुपादप्पांनी घड्याळ बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "घ्या नवा. दहा मिनिटं."

डॉक्टर सिंधु खाटेच्या कडेला बसल्या. नाव. वय. गाव. धंदा.

"विहीर खोदणे," लिंबाजी म्हणाला.

"दारू?"

"कधीच न्हाई. आखूड नका लिवू. पुरं लिवा."

त्यांनी पुरं लिहिलं. मग आजाराचं कारण. गाठ, शीर, रक्त. "कुत्र्याचा संपर्क, बहात्तर ते चौऱ्याहत्तर," असं त्या बोलत बोलत लिहीत होत्या, तेवढ्यात लिंबाजीनं पुन्हा हात आडवा घातला.

"कुत्रं लिवलं?"

"हो."

"मंग कुत्रं तितं कामून व्हतं तेबी लिवा."

"बाबा, त्याला ह्या कागदावर रकाना नाही."

"न्हाई म्हंजे? कुत्र्याला रकाना हाय अन ज्यानं काळजं आणून टाकली त्येला न्हाई? वरच्या झिऱ्याला काट्या लावल्या त्येला न्हाई? उद्या कुणीबी वाचंल अन म्हणंल, गलिच्छ माणसं, कुत्र्याबरुबर पाणी पेत्यात. एका बोलातनं काढून दुसऱ्या बोलात घालाय लागलात व्हय मला? रकाना नसंल तर कागुद पलटा. पाठ कोरी हाय त्येची."

डॉक्टर सिंधुंनी गुरुपादप्पांकडं पाहिलं. गुरुपादप्पा खिडकीबाहेर बघत होते. ते तिकडंच बघत म्हणाले, "लिहा. माझ्या गावातही दोन विहिरी होत्या."

डॉक्टर सिंधुंनी कागद पलटला. लिंबाजी सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. मध्ये दोनदा नागुबाईनं दुरुस्ती केली. काट्या बाभळीच्याच होत्या, बोरीच्या नव्हत्या. आणि शंभर आकडे तीच मोजायची, पारूबाई नाही, पारूबाईला चाळिसाच्या पुढं येतच नव्हतं. तेही लिहिलं गेलं.

लिंबाजीनं सहीचं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. कागद शेषेरावापुढं धरला.

"वाच."

"दाजी, मी बाहेर नेऊन वाचतो ना, निवांत…"

"हितंच. समद्यांच्या म्होरं."

वॉर्डात बावीस खाटा होत्या. खाटांभोवती नातेवाईक होते, कंधारचे, मुखेडचे, लातूरचेही. शेषेरावाच्या कचेरीतल्या एका साहेबाची सासू कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तिच्याशी तो चार दिवस अदबीनं बोलत आला होता. त्यानं त्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग दाजींकडं. कागद धरलेला लिंबाजीचा हात हवेत तसाच होता.

शेषेरावानं कागद घेतला, चष्मा लावला आणि हळू आवाजात सुरुवात केली. "पळसवंडीच्या बौद्धवाड्याला वरच्या झिऱ्यावर पाणी भरू देत नसत, म्हणून…"

"आयकू येत न्हाई," लिंबाजी म्हणाला.

शेषेरावानं घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. ह्या वेळेला कोपऱ्यातल्या म्हातारीनं मान वळवून बघितलं, तरी तो थांबला नाही.